काळ्या रानात एक्सपल्स: टायरच्या आधी बूट घ्या

प्रश्न: मी जिंतूर तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. वय २८, उंची साडेपाच फुटांच्या आतच. यंदा हिरोची जुनी एक्सपल्स २०० ४व्ही मोटारसायकल घेतली. रोजचं येणं-जाणं आणि रविवारी डोंगर-रानात फिरणं, दोन्ही तिच्यावरच करायचंय. पहिल्या पावसात पाणंदीवर दोनदा पडलो, दुसऱ्यांदा चेनही उतरली. ओळखीचे मिस्तरी म्हणतात, चेनला जळकं ऑइल लावा आणि फिल्टरला हवा मारा. तीस हजार बाजूला ठेवलेत. नॉबी (उठावदार ठोकळ्यांच्या नक्षीचे) टायर, मोठा क्रॅश गार्ड, फॉग लाइट आणि सायलेन्सर घ्यावा म्हणतो. दिवाळीनंतर मित्रांसोबत बीड जिल्ह्यातल्या सौताड्याच्या धबधब्याला जायचंय. सुरुवात कुठून करू, दादा?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर: तुमच्या यादीतली एकही वस्तू आत्ता घेऊ नका. तीस हजारांतला मोठा वाटा पायांसाठी काढा, म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत येणारे, कडक तळव्याचे ऑफ-रोड बूट. साधारण दहा-बारा हजारांपासून बरे मिळतात. एक्सपल्सचं वजन १६० किलोच्या आसपास आहे. पाणंदीत ती पडते ती हळूच, पण पाय चाकोरीत आणि गाडी पायावर, अशी. स्पोर्ट शूजमध्ये घोटा पिरगळतो. चप्पल आणि गमबूट तर मोजायचेच नाहीत. बुटांनंतर गुडघ्याचे गार्ड, मग हातमोजे. आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट असेलच. नसेल तर ते बुटांच्याही आधी. उरलेल्या पैशांत धातूचा कणा असलेले हँडगार्ड, इंजिनखालची बॅश प्लेट आणि पंक्चरचं सामान बसतं. हँडगार्डमुळे गाडी आडवी झाली तरी क्लच-ब्रेकचे लिव्हर सहसा वाचतात. शिवाय लिव्हरच्या क्लॅम्पचे स्क्रू इतकेच आवळा की हाताने जोर लावल्यावर क्लॅम्प हँडलवर फिरेल. मग पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. ही युक्ती फुकट आहे.

आता पडण्याबद्दल. दोनदा पडलात त्यात तुमच्या टायरचा दोष फारसा नाही. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत ठासून बसते. चार-पाच फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग तो नॉबी असो की साधा. नॉबीमधून माती थोडी लवकर झडते, इतकाच फरक. ओल्या काळ्या रानात चालेल असा टायर बाजारात नाही. तिथे उपाय वेळेचा आहे: वाफसा येऊ द्या. तुम्हाला हे सांगायला नको, दुकानात रोज तेच बोलणं होत असेल. मूठभर माती दाबा. गोळा हाताला चिकटला तर गाडी घरी. बोटाने दाबल्यावर गोळा फुटला तर निघा. ज्या दिवशी वखर चालत नाही त्या दिवशी मोटारसायकलही चालत नाही. ओल्या पाणंदीत तुम्ही पाडलेली चाकोरी वाळून दगड होते आणि पुढे चार महिने बैलगाडीवाल्याला छळते, तेही ध्यानात ठेवा.

मुरमाचं गणित उलटं. पावसानंतर काही तासांत मुरूम निथळतो आणि फुफाटा बसलेला असल्याने पकड कोरड्यापेक्षा चांगली मिळते. जिंतूरचा परिसर डोंगराळ आहे, मुरमाड माळ शोधायला लांब जावं लागणार नाही. पावसाळ्यात तिकडे फिरा, काळं रान हिवाळ्यासाठी ठेवा. उन्हाळ्यात त्याच काळ्या रानाला भेगा पडतात. भेगेला समांतर गेलात तर पुढचं चाक तीत अडकून हँडल हातातून हिसकतं. भेग आडवी ओलांडा.

चिखलात सापडलातच तर बसून रेटू नका. उतरा, गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून शेजारून चाला, धुऱ्याच्या गवतावरून काढा. टायर आणि मडगार्डमधली, चेनजवळची माती दर थोड्या वेळाने काडीने उकरा. क्लच अर्धवट दाबून जोर लावत राहिलात तर प्लेटा जळतात. जळका वास आला की थांबून इंजिन गार होऊ द्या.

चेन उतरली ती का, हे आधी शोधा. कारणं चारच असतात: चेन सैल, मागचं चाक तिरकं, दाते झिजलेले, किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) झाकणात माती आणि काडीकचरा कोंबलेला. तुमच्या बाबतीत शेवटचं कारण असण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी ते झाकण काढून आतला गोळा खरवडा. झीज बघायची तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नवी चेन जुन्या दात्यांवर लवकर मरते.

ताण मात्र बहुतेक गॅरेजमध्ये चुकतो. रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीने मिस्तरी चेन ताठ करून देतात. लांब सस्पेन्शनच्या गाडीत मागचं चाक वर जाताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा ॲक्सल म्हणजे चाकाचा आस एका रेषेत येतात, त्या क्षणी चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर ती आधीच ताठ असेल तर खड्ड्यात सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. आधी ऑइल सील गळतं, मग बेअरिंग आवाज करतं. पुस्तिकेत दिलेला ढिलेपणा ठेवा, तोही चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथे मोजा. नंतर दोन मित्रांना सीटवर बसवून तीन बिंदू एका रेषेत आणा. तिथेही बोटाने चेन थोडी वरखाली झाली पाहिजे.

जळकं ऑइल नको. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो, शिवाय ते पातळ असल्याने निम्मं मागच्या टायरवर उडतं. केरोसीन आणि मऊ ब्रशने चेन धुवा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंग खातात. पुसून कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल फडक्यावर घेऊन आतल्या बाजूने लावा. हे फिरून आल्यावर, चेन कोमट असताना करायचं. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर ओलसर दिसणारी चेन फुफाट्यात गेली की तेल आणि धुळीचं मिश्रण पॉलिश पेपरासारखं घासतं.

फिल्टरबद्दल तुमचे मिस्तरी अर्धे बरोबर आहेत. कोरड्या कागदी फिल्टरला हवा मारता येते, पण कमी दाबाची, आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदाच्या छिद्रांत रुतते. दुसरा प्रकार तेलाने भिजवलेल्या कागदाचा. हात लावला की चिकट लागतो. त्याला हवा मारायची नाही आणि धुवायचाही नाही, तो भरला की बदलायचाच. तुमच्या गाडीत कुठला आहे ते उघडून बघा. बाजारातला फोमचा फिल्टर बसवलात तर तो केरोसीनमध्ये दाबून धुवा, मग साबणाच्या पाण्याने, पूर्ण सुकवा, फिल्टर ऑइल लावून मुठीत दाबा. पिरगाळू नका, फोम फाटतो. तेल न लावलेला फोम म्हणजे उघडं तोंड.

फिल्टर काढला की एअरबॉक्सची आतली, इंजिनकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं तपकिरी झालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. अशा वेळी फिल्टर नवा असून उपयोग नाही, काठाचं रबर बघा आणि तिथे ग्रीसचा पातळ थर द्या. ही धूळ रिंगा आणि सिलिंडर घासते. पुढे ऑइल कमी होऊ लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि बोअरचं काम निघतं. आपल्याकडे मार्च ते मे या काळात फुफाट्यात एक रविवार घालवला तरी सोमवारी फिल्टर उघडून बघावा. पुस्तिकेतले किलोमीटर डांबरासाठी लिहिलेले असतात. इंजिन ऑइलचंही तसंच, रानात जास्त फिरलात तर ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा मोटारसायकलच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला हवा. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो.

पंक्चर. रस्त्यावर दुकान सापडतं, वेड्या बाभळीच्या बनात सापडत नाही. एक्सपल्सला पुढे २१ इंच आणि मागे १८ इंच अशी तारांची, ट्यूबवाली चाकं आहेत, म्हणून हे काम आधी घरच्या अंगणात शिका. सामान असं: आठ-दहा इंचांचे तीन टायर लिव्हर, व्हॉल्व्हची चावी, ॲक्सलच्या मापाचे पाने, हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, दाब मोजायचं गेज आणि एक २१ इंची ट्यूब. तीच ट्यूब अडीनडीला मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी येता येतं. जागेवर पॅच मारत बसू नका. ट्यूब बदला, पॅच घरी मारा.

गाडीला मधला स्टँड नाही. साइड स्टँड लावून, दुसऱ्या बाजूने बॅश प्लेटखाली दगड किंवा लाकडाचा ओंडका द्या म्हणजे मागचं चाक अधांतरी होतं. ॲक्सलची नट काढा, ॲक्सल ओढा, चाक पुढे ढकला, चेन उतरवा. असं केलं तर चेनचे ॲडजस्टर हलवावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंच्या बुशांची जागा फोटो काढून ठेवा. चाक बाहेर असताना मागचा ब्रेक दाबू नका, कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, टायरचा काठ पायाने दाबून रिमपासून सोडवा. मित्राच्या गाडीचा साइड स्टँड काठावर टेकवून गाडीचं वजन दिलं तरी काम होतं. इथून पुढे ताकद लागत असेल तर तुमचं काहीतरी चुकतंय. समोरच्या बाजूचा काठ गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवला की अलीकडे ढिलाई मिळते. लिव्हर दोन-तीन इंचांच्या अंतराने लावा. मोठा घास घेतला की ट्यूब चिमटते.

ट्यूब निघाली की टायरच्या आतून आधी फडकं फिरवा, मग बोट. बाभळीच्या काट्याचं टोक आतच मोडलेलं असतं, आणि पाच मिनिटांत पुन्हा होणारं पंक्चर बहुतेक वेळा त्याचंच असतं. नव्या ट्यूबला आकार येईल इतकीच हवा भरून ती बसवा. काठ चढवताना व्हॉल्व्हजवळचा भाग शेवटी घ्या आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बघा, म्हणजे ट्यूब काठाखाली अडकली असेल तर सुटते. व्हॉल्व्हची नट रिमला आवळू नका, टोपणाजवळ वर ठेवा. ट्यूब टायरसोबत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होऊन तुम्हाला दिसतो. नट आवळलेली असेल तर तो मुळातून उपटतो आणि त्याला पॅच नाही. ट्यूबमध्ये सीलंट टाकावं का असंही लोक विचारतात. बारीक काट्यांना ते चालतं, पण नंतर पॅच धरत नाही.

हवेचा दाब: डांबरावर पुस्तिकेत दिलेला. मुरूम आणि गोट्यांत पुढे २० आणि मागे २२ पीएसआयच्या आसपास आणा, पकड आणि आराम दोन्ही वाढतात. १८ च्या खाली नको. दगडाच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेपते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. डांबरावर परत आलात की लगेच भरा, म्हणूनच पंप सोबत हवा.

धुणं त्याच दिवशी. काळी माती वाळली की छन्नी लागते. प्रेशर वॉशरचा झोत चाकांच्या बेअरिंगवर, हँडलच्या कोनवर, सायलेन्सरच्या तोंडात मारू देऊ नका. पुढच्या ऑइल कूलरच्या पट्ट्यांत चिखल वाळला तर इंजिन तापतं, तिथे मागून पुढे हलकं पाणी सोडा. फोर्कच्या नळीवरची माती पुसल्याशिवाय गाडी हलवू नका, ती सील कापते. सील किंचित गळू लागलं असेल तर बदलण्याआधी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सीलच्या काठाने आत घालून गोल फिरवा, बऱ्याचदा अडकलेला कण निघून गळती थांबते. तारांवर पान्याने टिचकी मारत जा. जिचा आवाज बद्द येतो ती ढिली, तिला पाव फेरा द्या, त्याहून जास्त एका वेळी नको.

उंचीची काळजी सोडा. सीट ८२५ मिमीवर आहे, तुमचे दोन्ही पाय एकदम पूर्ण टेकणार नाहीत आणि टेकायची गरजही नाही. थांबताना कूल्हा एका बाजूला सरकवून डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. लिंक बदलून गाडी खाली करून घेऊ नका, २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स हीच तर तिची कमाई आहे.

सराव गायरानावर, मुरमाच्या सपाट तुकड्यावर, सकाळच्या गारव्यात. आधी फूटपेगवर उभं राहून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरळ जा: गुडघे किंचित वाकलेले, टाकी गुडघ्यांत धरलेली, कोपरं बाहेर, हँडलवर वजन शून्य. हात भरून येत असतील तर तुम्ही हँडलला लोंबकळताय. मग दोन दगड ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा. वळताना गाडी आत झुकवा, अंग बाहेर ठेवा आणि बाहेरच्या पेगवर भार द्या. डांबरावर करता त्याच्या अगदी उलट. मग ब्रेक: आधी फक्त मागचा, चाक मुद्दाम घसरवून बघा, नंतर पुढचा एका बोटाने, हळूहळू वाढवत. गाडी २०२३ नंतरची असेल तर एबीएसचे रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोड मिळतील. रॅलीत ते बंद होतं. सध्या ऑफ-रोडवर राहा. पडलेली गाडी उचलायचाही सराव करा: इंजिन बंद, गिअर पडलेला, उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच बाहेर. गाडीकडे पाठ करून हँडल आणि सीटखालची पकड धरा आणि पायांच्या जोरावर मागे चालत उठवा. कंबरेने नाही.

आपल्या रानात दगडधोंड्यांपेक्षा धोकादायक चार गोष्टी आहेत. धुऱ्यालगतची कठडा नसलेली विहीर, तिच्याभोवती गवत वाढलं की ती दिसतच नाही. पिकाभोवतीच्या झटका मशीनची (विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) बारीक तार, कधीकधी वाटेवर आडवी ओढलेली. ठिबकच्या नळ्या, ज्या तुम्हाला पाडतातही आणि शेतकऱ्याचं नुकसानही करतात. आणि फरशी पुलावरचं शेवाळ. पुलाच्या कडेचे दगड दिसत नसतील तर पाणी कितीही संथ वाटो, थांबा. अनोळखी ओढा आधी चालत पार करून बघा. इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून मग स्टार्टर मारा, पाणी प्लगच्या भोकातून उडून जातं. नंतर ऑइल दुधाळ झालंय का तेही बघा.

क्रॅश गार्डचा मोठा पिंजरा चाकोरीत अडकतो आणि पायही त्यात सापडतो, छोटा पुरे. फॉग लाइट रात्री रानात जाणार असाल तर, आणि नवख्याने जाऊ नये. सायलेन्सर बदलणं नियमात बसत नाही, आवाजाने गुरं बुजतात आणि मग पुढच्या वेळी वाट मिळत नाही. मूळचे टायर झिजेपर्यंत वापरा, मग निम्मं डांबर आणि निम्मं रान अशा नक्षीचे घ्या. रोजचं येणं-जाणं असताना पूर्ण नॉबी लवकर संपतात आणि ओल्या डांबरावर घसरतात.

सौताड्याला जा. पण तो बेत बहुतांशी डांबराचा आहे, त्याला कच्ची वाट जोडायची तर पाटोद्याच्या आसपासचे माळ ज्याच्या पायाखालचे आहेत अशा माणसाला विचारून घ्या आणि नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीत रस्ता सोडू नका. त्याआधी दोन-तीन रविवार तालुक्यातच अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या करा आणि एकदा दोन्ही चाकांच्या ट्यूब स्वतः बदला. किमान तिघे असा. फुफाट्यात एकमेकांच्या धुळीत न जाता पुढच्याची धूळ बसेल इतकं अंतर ठेवा, फिल्टरही वाचतो आणि पुढचा खड्डाही दिसतो. पहिल्या लांब फेरीनंतर गाडी थंड झाली की हँडल, फूटपेग, कॅरिअर आणि बॅश प्लेटच्या बोल्टांवर पाना फिरवा. एकदा घट्ट झाले की प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, पुढच्या वेळी ढिला झालेला नजरेनेच कळेल.